पुन्हा इगतपुरी, पुन्हा श्वास

कसाऱ्याला गाडी थांबली आणि समोरच्या बाकावरच्या मुलाने आईला विचारले, "गाडी बिघडली का गं?"

गाडी बिघडली नव्हती. कसाऱ्याला गाडीला मागून आणखी इंजिने जोडतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. पुढे थळ घाट लागतो. सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ, एकट्या इंजिनाला तो झेपत नाही. पुढचे ओढते, मागची ढकलतात आणि बोगद्यामागून बोगदे ओलांडत गाडी इगतपुरीला येऊन धापा टाकते. १८६५ साली या घाटातून रेल्वे इगतपुरीपर्यंत पोचली, तेव्हापासून हे गाव रेल्वेचेच झाले. फलाटावरचा वडापाव प्रसिद्ध आहे. मी मात्र तो पंचवीस वर्षांत एकदाच खाल्ला, तोही घरी परतताना.

फेब्रुवारी २०२४ची ही गोष्ट. बेळगावहून रात्रीच्या गाडीने निघाले, मिरज-पुणे करत सकाळी कल्याणला उतरले, मावसबहिणीच्या हाती कुंद्याचा डबा दिला, एक रात्र तिच्याकडे राहिले आणि दुसऱ्या दिवशी घाट चढले. बहीण म्हणाली, "तू तर इतकी वर्षं करतेस. आता परत काय शिकायला चाललीस?" मी हसून वेळ मारून नेली. खरे उत्तर होते, पण ते तिला उभ्याउभ्या सांगण्यासारखे नव्हते. वाचकांना सांगते, कारण आपल्या भागात घरोघरी एखादी अव्वा असते.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर मी पहिल्यांदा गेले ती डिसेंबर १९९९ मध्ये. तेव्हा मी शाळेत शिकवत होते, चाळिशीला आले होते आणि डोकेदुखीने हैराण झाले होते. सत्यनारायण गोयंका हे नाव मी एका सहशिक्षिकेकडून ऐकले. मंडालेत १९२४ साली जन्मलेले हे मारवाडी व्यापारी गृहस्थ. त्यांनाही अर्धशिशीचा भयंकर त्रास होता. तो घेऊन ते रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन म्हणजे सरकारी हिशेबखात्याचे मोठे अधिकारी, आणि ध्यानाचे गुरू. पुढे १९६९ साली गोयंकाजी भारतात आले, मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर झाले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या टेकडीवर शिबिरे सुरू झाली. गोयंकाजी २०१३ साली गेले. पण त्यांच्या आवाजातल्या सूचना आणि रोज संध्याकाळचे प्रवचन अजून ध्वनिफितीवरूनच ऐकवतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हाही तसेच होते.

आमच्या घरात तेव्हा थोडी चर्चा झाली. आम्ही लिंगायत. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले, कन्नडचा गंधही नसलेले. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, बैलहोंगलच्या. त्या माझ्याशी मराठीत बोलत. पण राग, प्रेम आणि दुखणे या तीन गोष्टी त्यांना कन्नडमधूनच बोलता येत. शेजारच्या बाईंनी त्यांना विचारले, "सून बुद्धाकडे चालली म्हणे, आता धर्म बदलणार का?" अव्वा तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उसिरु एल्लारदू ओंदे." श्वास सगळ्यांचा एकच. विषय तिथेच संपला.

अव्वांची स्वतःचीही साधना होती, पण तिला साधना म्हणायचे हे मला सुचले नव्हते. पहाटे आंघोळ झाली की कपाळाला विभूती लावून त्या इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत आणि त्याच्याकडे एकटक बघत बसत. दहा-पंधरा मिनिटे. त्यात दूधवाला आला तर "आले रे" म्हणत, नातू रडला तर उठून त्याला थोपटत आणि पुन्हा येऊन बसत. मला तेव्हा वाटायचे, हे कसले ध्यान? सतत तुटणारे! मी तर दहा दिवस मौन पाळून आले होते.

त्या दहा दिवसांचे थोडे सांगायला हवे. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू. मधली जेवणा-विश्रांतीची वेळ सोडली तर रात्री नऊपर्यंत तेच. कुणाशी बोलायचे नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. पुस्तक नाही, वही नाही, आता मोबाइलही जमा करावा लागतो. नवे साधक संध्याकाळी थोडा फळफळावळ-चहा घेतात, जुन्या साधकांना दुपारी बारानंतर अन्न नाही, लिंबूपाण्यावर भागवायचे. फी काही नसते. शिबिर पुरे केल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यावे.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास पाहायचा. याला आनापान म्हणतात. श्वास मोजायचा नाही, लांबवायचा नाही, कसला जप जोडायचा नाही. नैसर्गिकपणे येतो-जातो तसा जाणायचा. दुसऱ्या दिवशी तो नाकपुड्यांना कुठे स्पर्श करतो ते बघायचे, तिसऱ्या दिवशी नाकाखालच्या आणि वरच्या ओठाच्या मधल्या चिमूटभर जागेवर मन ठेवायचे. मग चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना पाहत जायचे आणि कशालाच चिकटायचे नाही, कशालाच झिडकारायचे नाही. त्यानंतर दिवसातून तीन बैठकी 'अधिष्ठाना'च्या असतात. त्या तासात हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत.

माझी डोकेदुखी गेली असे मी म्हणणार नाही. कमी झाली. पण वर्गात मुलांवर ओरडणे सुटले, हे मात्र मुलांनीच मला सांगितले. मी घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसू लागले. नंतर आणखी शिबिरे केली, सतिपट्ठान सुत्तावरचे आठ दिवसांचे शिबिर केले, दोनदा सेवा देऊन आले. एकूण नऊ वेळा तरी ती टेकडी चढले असेन.

बिघाड कुठे झाला ते मला नेमके सांगता येत नाही. दूध नासते तेव्हा भांड्याकडे बघून कळत नाही, तसे. शिबिरातून आलेल्या आम्हा मैत्रिणींची बोलणी हळूहळू बदलली. कुणाला अंगभर प्रवाह जाणवतो, कुणाला अंग विरघळल्यासारखे होते, कुणी किती तास हलत नाही. हे तिथे कुणी शिकवलेले नव्हते. उलट संवेदनांची आस धरू नका हेच रोज सांगितले जाते. आम्ही ते ऐकत होतो आणि घरी येऊन गुणपत्रिका मांडत होतो. श्वासाची साधना मला बालवर्गातली वाटू लागली. बसल्याबसल्या पाच मिनिटे ती उरकायची आणि 'खऱ्या' साधनेकडे वळायचे. जेवणाआधी चूळ भरतात तसे.

आणि माझ्या खोलीला आतून कडी लागू लागली. पहाटे साडेचार ते साडेपाच कुणी दार वाजवायचे नाही. ह्यांनी हे मान्य केले. उद्यमबागेतल्या कारखान्यात चाळीस वर्षे लेथवर काम केलेला माणूस, त्यांना शिस्तीचे कौतुक. अव्वांना मात्र कडी कधी कळली नाही. वय वाढत गेले तशी त्यांची झोप मोडू लागली, दम लागू लागला. पहाटे उठून त्या माझ्या दाराशी येत आणि हळूच विचारत, "मगळे, एच्चर अदी एन?"

आपल्याकडे कन्नड कळणाऱ्यांना अर्थ सांगायला नकोच. पोरी, जागी आहेस का? 'एच्चर' म्हणजे जाग, आणि सावधपणाही. मी आत बसलेली असे. जागी असे. उत्तर देत नसे. थोड्या वेळाने त्यांची पावले परत जात.

जानेवारी २०२३ मधल्या एका पहाटे त्यांनी दोनदा विचारले. दुसऱ्यांदा आवाज जरा लांबला. माझ्या मनात आले ते शब्दशः आठवते: अजून वीस मिनिटे. आणि त्या वेळी अंगावर इतका सुंदर सूक्ष्म प्रवाह चालू होता की तो मोडावासा वाटेना. मग तांब्या पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा एक आवाज झाला, तो मी लिहीत नाही.

त्या एकट्याच न्हाणीघराकडे गेल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, घरी आणले, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. मे महिन्यात गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. लोक म्हणाले, वयच झाले होते, सोने झाले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना समाधी दिली. आयुष्यभर गळ्यात असलेले इष्टलिंग त्यांच्याबरोबरच मातीत गेले.

मला कुणीही बोलले नाही. ह्यांनी एका शब्दाने विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते. मी बसणे सोडून दिले. आसन गुंडाळून माळ्यावर टाकले. सात-आठ महिने मी पहाटे साडेचारला जागी होऊन छताकडे बघत पडत असे आणि कुणी दार वाजवत नसे.

मग त्या नोव्हेंबरात कपाट आवरताना वडिलांच्या पुस्तकांत धर्मानंद कोसंबी यांचे 'समाधिमार्ग' हाती आले. कोसंबी आपल्या शेजारच्या गोव्यातले, साखवाळचे. बुद्धाचा मार्ग मुळातून शिकायचा म्हणून घर सोडून निघालेला हा माणूस १९०२ साली सिंहलद्वीपात श्रामणेर झाला, पुढे ब्रह्मदेशात ध्यान करून आला आणि जे मिळाले ते साध्या मराठीत लिहून ठेवले. 'समाधिमार्ग' १९२५ सालचे, लहानसे पुस्तक. प्रास्ताविक झाले की पहिलाच विषय आनापानस्मृतीचा, आणि विपश्यना अगदी शेवटी. वडिलांनी आनापानाच्या पानांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यांनी कधी ध्यान केल्याचे मला आठवत नाही. खुणा मात्र होत्या. मी उभ्यानेच ते प्रकरण वाचले आणि त्याच आठवड्यात शिबिरासाठी अर्ज केला. सतिपट्ठानाचा नव्हे, साधा दहा दिवसांचा, नवखे जातात तो.

इगतपुरी स्टेशनपासून धम्मगिरी जवळच आहे. रिक्षावाला न विचारताच ओळखतो. हातात पिशवी, पायात चप्पल आणि चेहऱ्यावर थोडी धास्ती असलेली माणसे त्याच्या रोजच्या सवारीतली. ब्रह्मी घाटाची कमान, वर सोनेरी पगोडा आणि मागे सह्याद्रीचे काळे कडे. पगोड्याच्या पोटात छोट्या छोट्या एकांतखोल्या आहेत, त्यांना शून्यागार म्हणतात. १९९९ साली झाडे कमी होती की माझे लक्ष नव्हते, कोण जाणे. या वेळी सावली पुष्कळ दिसली. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने अर्ज पाहिला, "जुन्या साधिका" म्हणून आदराने मला पुढच्या रांगेतले आसन दिले. मला तो आदर टोचला.

संध्याकाळी मौन सुरू झाले आणि पहिली सूचना कानावर पडली. श्वास पाहा. आवाज तोच, शब्द तेच. पहिल्या दिवशी मला एक लागोपाठ दहा श्वास पाहता आले नाहीत. पंचवीस वर्षांची साधिका! मागच्या रांगेतली कॉलेजातली पोर कदाचित माझ्यापेक्षा बरी बसली असेल. श्वासाकडे बघावे की बैलहोंगलची वाट, तांब्या, दवाखान्याचे बिल, ह्यांचा गप्प चेहरा. परत यावे, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सहायक आचार्यांना भेटायला गेले. बारा ते एक ही भेटीची वेळ असते. साधारण माझ्याच वयाच्या बाई होत्या. मी म्हटले, "मला पूर्वी सगळ्या अंगावर संवेदना कळायच्या. आता श्वाससुद्धा सापडत नाही. मी थेट विपश्यना सुरू करू का?"

त्यांनी विचारले, "आत्ता श्वास येतोय?"

"येतोय."

"मग तोच पाहा."

मी उठले नाही. मग अव्वांचे सगळे सांगितले. तांब्याचेही. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, आता मैत्रीभावना, कर्म, अनित्य असे काही येणार. त्या म्हणाल्या, "रडू आलं तर रडा. रडताना श्वास वेगळा असतो, तोही पाहा. आणि परत सांगते, चांगला श्वास शोधू नका."

तिसऱ्या दिवशी पहाटे रडू आले. खरोखर वेगळा असतो तो श्वास. आत येताना तीन-चार तुकड्यांत येतो आणि बाहेर जाताना सगळा एकदम जातो. नाकाखालची जागा ओली आणि गरम. खालून घाटातल्या गाडीची शिट्टी ऐकू आली. त्या पूर्ण तासात मला प्रवाह नाही, प्रकाश नाही, काही 'मिळाले' नाही. श्वास मात्र सुटला नाही. सुटला तरी लगेच सापडत होता.

इथे एक गोष्ट आमच्या ह्यांच्यासाठी. सतिपट्ठान सुत्तात श्वासाच्या साधनेला बुद्धाने जो दृष्टान्त दिला आहे तो चक्क टर्नरचा आहे. कुशल कातारी लांब फेरा मारतो तेव्हा त्याला लांब कळतो, आखूड मारतो तेव्हा आखूड कळतो, तसा साधकाने लांब श्वास लांब म्हणून जाणावा, आखूड आखूड म्हणून. मी सुत्ताचे शिबिर करून आले होते, दृष्टान्त ऐकला होता, पण घरात चाळीस वर्षांचा टर्नर असून त्याला हे विचारावे असे सुचले नाही. परतल्यावर विचारले. ह्यांनी दोन मिनिटे विचार केला आणि म्हणाले, "हत्याराचं टोक जिथं लागतं तिथंच नजर ठेवायची. जॉब फिरतोय म्हणून नजर फिरवली की बोट गेलं." नाकाखालच्या चिमूटभर जागेबद्दल इतके चोख मी कुठल्या प्रवचनानंतरही सांगू शकले नसते.

'सति' या पाली शब्दाबद्दलही थोडे. मराठी कानाला तो भलताच ऐकू येतो. मुळात तो 'स्मृति'. पण नुसती आठवण असाही अर्थ नाही. आपल्याकडचा 'भान' हा शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. भान असणे, भानावर येणे. आणि कन्नडमध्ये? हा विचार मी सहाव्या रात्री अंथरुणावर पडून करत होते आणि उत्तर आले तेव्हा उठून बसले. एच्चर. अव्वा वर्षानुवर्षे माझ्या दारात उभ्या राहून तोच प्रश्न विचारत होत्या, आणि आत मी त्याच गोष्टीचा अभ्यास करत असल्याच्या समजुतीत उत्तर देत नव्हते.

पण त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली.

पाचव्या दिवशी दुपारची अधिष्ठानाची बैठक. माझ्या उजवीकडे भिंतीलगत खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसत. विदर्भातल्या असाव्यात, हे शेवटच्या दिवशी त्यांच्या बोलण्यावरून कळले. पहिल्या दिवसापासून त्यांचा खोकला ऐकू येत होता. त्या दिवशी अर्धा तास झाला असेल, खुर्ची करकरली. मग श्वास ऐकू आला, घरघर असलेला, वर-वर जाणारा. मला तो ओळखीचा होता. त्या उठायचा प्रयत्न करत होत्या.

माझे डोळे मिटलेले. हात मांडीवर. मनात आले ते खोटे न लिहिता सांगते: धर्मसेविका येईल, तिचे ते कामच आहे, तुझा निश्चय आहे, अजून अर्धा तास.

डोळे उघडले. सेविका हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिला दिसले नव्हते. मी उठले. पायाला मुंग्या आलेल्या, दोन पावले लंगडतच टाकली आणि त्या बाईंच्या काखेत हात घातला. साधिकांनी एकमेकींना स्पर्शही करायचा नाही असा तिथला नियम आहे, तोही मोडला. एवढ्यात सेविका धावत आली, तिने दुसरा हात धरला, बाईंना बाहेर नेले, पाणी दिले. मला कुणी काही म्हटले नाही. मी परत आसनावर येऊन बसले.

आणि श्वास तिथेच होता. थोडा धावत होता, जिना चढून आल्यासारखा. लांब नव्हता, आखूड होता. मी तो आखूड म्हणून पाहिला. अव्वा नातवाला थोपटून परत येऊन तळहातावर लिंग घेत, तेव्हा त्यांना कधी पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्यासारखे वाटले असेल असे मला वाटत नाही. त्या नुसत्या परत येत.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटते. शेकडो माणसे एकदम बोलू लागली की पहिल्यांदा कानाला सोसत नाही. ती विदर्भातली बाई मला शोधत आली आणि माझा हात हातात घेऊन नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "माही सून बी तुह्यासारखीच हाय." तिच्या सुनेला मी ओळखत नाही. पण त्या वाक्याने माझे काय झाले असेल याची कल्पना करा.

परतीच्या गाडीत मी इगतपुरीचा तो वडापाव खाल्ला. घाट उतरताना मागून ढकलायला कुणी लागत नाही, नुसता ब्रेक धरावा लागतो.

बेळगाव स्टेशनवर हे स्कूटर घेऊन आले होते. घरी येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आसन माळ्यावरून काढले, झटकले आणि खोलीत अंथरले. कडी लावली नाही. दार उघडेच ठेवले. बसून पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, दारात पावले वाजली आणि थांबली. मी डोळे उघडले. हे उभे होते. लुंगी, अंगात बंडी, हातात रिकामा पेला.

"चहा टाकू का?" मी विचारले.

ते आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. गुडघ्यांमुळे ते जमिनीवर बसत नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी अव्वानं दोनदा हाक मारली. मीही ऐकली होती. मी जागा होतो. म्हटलं, तू उठशील."

एक वर्षाहून जास्त दिवस आम्ही दोघे एकाच घरात, दोन खोल्यांत, एकच गोष्ट घेऊन राहत होतो. ते माझ्यावर रागावले आहेत म्हणून मी गप्प, आणि ते माझ्याकडे बघू शकत नाहीत म्हणून गप्प. काय बोलायचे ते दोघांनाही सुचले नाही. मी त्यांना म्हटले, "बसा थोडं असंच." त्यांनी भिंतीला पाठ टेकवली. त्यांना सूचना वगैरे काही दिल्या नाहीत. हत्याराचे टोक कुठे लागते ते त्यांना माझ्यापेक्षा बरे कळते.

बाहेर दूधवाल्याची घंटी वाजली. "आले रे," मी म्हटले आणि पातेले घेऊन उठले.